घरातल्या वृद्धांना सांभाळण्याचं ‘बिल’ नेमकं कोण भरतं? नंदुरबारच्या उदाहरणातून समजून घ्या

दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातले अनेक पाडे रिकामे व्हायला लागतात. नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात आणि थेट एप्रिल-मे महिन्यात परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि गुरं.

‘आपल्याकडे आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवत नाहीत, घरीच सांभाळतात’ असं आपण अभिमानाने सांगतो. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण घरी सांभाळणं म्हणजे फुकट सांभाळणं नव्हे. त्यासाठी कुणाची तरी मजुरी बुडते, कुणाची तरी शाळा सुटते, कुणाची तरी झोपमोड होते. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

हा खर्च किती असतो, तो कुणाच्या वाट्याला येतो आणि सरकारी योजना-कायद्यांतून त्यातला किती भरून निघतो? नंदुरबारच्या उदाहरणातून समजून घेऊया.

आधी थोडी आकडेवारी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३१ पर्यंत ही संख्या १९ कोटींच्या पुढे जाईल आणि प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास पोहोचेल. म्हणजे वीस वर्षांत देशातल्या ज्येष्ठांची संख्या जवळपास दुप्पट होणार आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे त्याचे सहा तालुके. २०११ मध्ये लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यात जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के होती, तेव्हा राज्याची ८२ टक्क्यांच्या वर होती. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा पहिला अहवाल दिला, त्यात २०१५-१६ च्या पाहणीच्या आधारे नंदुरबार हा महाराष्ट्रातला सर्वांत गरीब जिल्हा ठरला. तिथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या गरिबीच्या व्याख्येत बसत होती.

थोडक्यात, वृद्धांच्या देखभालीचा भार इथे अशा कुटुंबांवर पडतो, ज्यांच्याकडे शिल्लक टाकलेले पैसे नाहीत आणि बसून खाण्याइतकी शेतीही नाही.

‘कोयता’ मोडला की काय होतं?

ऊसतोडीत मजुरांचा हिशेब माणशी होत नाही, ‘कोयत्या’वर होतो. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. एक जण ऊस तोडतो, दुसरा पाला काढतो, मोळ्या बांधतो आणि वाहतो. हंगामाच्या आधी मुकादम या जोडीला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती हंगामभर काम करून फेडायची असते.

आता समजा, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. सुनेला मागे थांबावं लागलं, तर फक्त तिची मजुरी जात नाही, अख्खा कोयता मोडतो. नवऱ्याला दुसरा जोडीदार शोधावा लागतो, नाहीतर जाणंच रद्द करावं लागतं. उचल आधीच घेऊन खर्च झालेली असेल, तर ती कर्ज म्हणून डोक्यावर राहते. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या दराने जाण्यावाचून पर्याय उरत नाही.

सून गेली आणि सासू एकटी राहिली, तर खर्च वेगळ्या प्रकारे येतो. शेजारच्या घरावर भार पडतो. दुसऱ्या गावात दिलेल्या लेकीला स्वतःचा संसार सोडून यावं लागतं. नाहीतर बारा-तेरा वर्षांच्या नातीला शाळा सोडून आजीजवळ थांबावं लागतं.

गावातच राहून मजुरी करणाऱ्या घरांचंही गणित फार वेगळं नसतं. नंदुरबार हे मिरचीचं मोठं केंद्र आहे. मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांवर आणि कापूस वेचणीच्या कामावर बायकांची संख्या मोठी असते. हे सगळं रोजंदारीचं काम. इथे रजा नावाची गोष्ट नसते. ज्या दिवशी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, त्या दिवशीची मजुरी शून्य.

वृद्ध फक्त ‘सांभाळले जाणारे’ नसतात

या विषयावर बोलताना एक गोष्ट हमखास सुटते. आपण असं धरून चालतो की तरुण सांभाळतात आणि म्हातारे सांभाळून घेतात. स्थलांतर करणाऱ्या घरात अनेकदा उलटं असतं.

आई-बाप गुजरातला गेले की नातवंडांना शाळेत पाठवणं, त्यांना खाऊपिऊ घालणं, शेळ्या-गुरं राखणं, पाणी आणि सरपण आणणं, घराची राखण करणं ही सगळी कामं आजी-आजोबा करतात. म्हणजे त्या घराचं पाळणाघर तेच, वसतिगृह तेच आणि गोठ्याचे राखणदारही तेच. त्यांच्या जिवावरच तरुण जोडपं निर्धास्त बाहेर पडू शकतं.

म्हणून आजी आजारी पडते, तेव्हा एक माणूस आजारी पडत नाही, घराची पूर्ण व्यवस्था कोसळते. नातवंडांना ठेवायला कुणी नाही, म्हणून तीही आई-बापाबरोबर फडावर जातात. तिथे त्यांची शाळा तुटते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि आदिवासी भागात आश्रमशाळाही आहेत. पण शाळेत न जाणाऱ्या अगदी लहान मुलांसाठी आजी हाच एकमेव आधार असतो.

वृद्धांच्या आरोग्याकडे ‘म्हातारपणी हे चालायचंच’ म्हणून दुर्लक्ष केलं, तर त्याचा फटका थेट मुलांच्या शिक्षणाला आणि घराच्या कमाईला बसतो, तो असा.

हे काम करतं कोण?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात हे तपासलं गेलं. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला घरातल्या कुणाची तरी देखभाल करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होतं. देखभाल करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटं देत होत्या, पुरुष ७४ मिनिटं. यात मुलांचं संगोपनही धरलेलं आहे. पण स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट ही घरकामं यात नाहीत, ती वेगळी मोजली जातात.

१४० मिनिटांचा हिशेब करून बघा. महिन्याला ७० तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर पावणेनऊ दिवसांचं काम झालं. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने या कामाची किंमत महिन्याला सुमारे २,७३० रुपये होते. हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं ठरवलं, तर किमान एवढे पैसे मोजावे लागतील.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात देखभालीच्या बिनपगारी कामातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास महिला देतात.

इथे कायद्यातली एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. आई-वडिलांच्या चरितार्थाचा जो कायदा २००७ मध्ये झाला, त्यात ‘अपत्य’ म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांची नावं आहेत. सुनेचं नाव त्यात नाही. म्हणजे कागदावर जबाबदारी मुला-मुलीची, पण भाकरी करून देणं, अंग पुसणं, रात्री उठून पाणी देणं हे काम बहुतेक घरांत सुनेचं. ती हे सगळं करते, पण जमिनीच्या कागदावर अनेकदा तिचं नाव नसतं आणि घरातल्या निर्णयात तिचा शब्दही शेवटचा नसतो.

डोंगर, घाट आणि दवाखाना

सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत वस्ती एका जागी नाही. डोंगरउतारांवर पाडे विखुरलेले आहेत. काही पाड्यांपर्यंत अजून गाडी जात नाही, तिथे आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. झोळी उचलायला एकावेळी दोघे आणि आलटूनपालटून खांदा द्यायला आणखी काही जण लागतात. म्हणजे एका वृद्धाला दवाखान्यात नेण्यासाठी चार-सहा जणांचा दिवस जातो. त्यातही गावातली तरुण पोरं ऊसतोडीला गेलेली असली, तर खांदा देणार कोण?

सप्टेंबर २०२१ मध्ये धडगाव-तळोदा मार्गावरच्या चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तेव्हा एका वयस्क आदिवासी पतीने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. ती वाटेतच गेली. या घटनेची बातमी राज्यभर झाली ती रस्त्याच्या दुरवस्थेमुळे. पण त्यात दुसरी गोष्टही होती: म्हातारपणी बायकोला सांभाळणारा नवरा स्वतःही वयस्कच होता. वय झालेल्या जोडप्यांत एक जण दुसऱ्याचा आधार असतो आणि अशा आधाराची नोंद कोणतीही योजना घेत नाही.

नर्मदाकाठच्या गावांसाठी आरोग्य विभागाचे बोटीवरचे तरंगते दवाखाने आहेत, नंदुरबारमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. पण वृद्धांच्या दुखण्यांचं स्वरूपच वेगळं असतं. मोतीबिंदू, गुडघेदुखी, रक्तदाब, अर्धांगवायू, विस्मरण ही दुखणी एकदा दवाखान्यात जाऊन संपत नाहीत. त्यासाठी दर महिन्याला औषध, अधूनमधून तपासणी आणि रोज कुणीतरी जवळ असणं लागतं. देशपातळीवरच्या एका अभ्यासानुसार ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे आणि ग्रामीण भागात व महिलांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाला क्षणभर एकटं सोडता येत नाही.

सरकारकडून काय मिळतं?

निवृत्तीवेतन: ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. ३१२ रुपये रोजाच्या हिशेबाने ही पाच दिवसांच्या मजुरीपेक्षाही कमी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठीच्या केंद्राच्या योजनेत केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये इतकाच आहे. श्रावणबाळ योजनेतली कुटुंबाच्या उत्पन्नाची अटही वर्षाला २१ हजारांची आहे. रोजगार हमीच्या दराने ६७-६८ दिवस काम केलं की एवढी कमाई होते.

उपचार: ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. सोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी, जाण्या-येण्याचं भाडं आणि घरी आल्यावरची शुश्रूषा यात येत नाही.

प्रवास: एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. अर्थात, जिथपर्यंत एसटी जाते तिथपर्यंतच.

साहित्य: काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या वस्तूंसाठी ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना एकदाच ३,००० रुपये दिले जातात.

या योजना हातात पडण्यासाठी आधार, बँक खातं, वयाचा पुरावा आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण आयुष्यभर कष्ट करून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा बँकेच्या फेऱ्या वाढतात. त्या प्रत्येक फेरीला सोबत कुणीतरी लागतं आणि त्याचाही रोज बुडतो.

दुसरीकडे पगारदारांची स्थिती बघा. केंद्र सरकारी कर्मचारी वर्षातली ३० दिवसांची अर्जित रजा वृद्ध आई-वडिलांच्या देखभालीसाठीही वापरू शकतात, असं सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. ज्याच्याकडे पगार आहे त्याला रजा आणि करसवलत आहे. रोजंदारीवरच्या माणसाला यातलं काहीच नाही.

मुलं सांभाळत नसतील तर?

‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ नुसार ज्येष्ठांना दाद मागता येते. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- स्वतःच्या उत्पन्नावर जगू न शकणारे आई-वडील, तसंच ६० वर्षांवरचे ज्येष्ठ नागरिक निर्वाह प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, हे त्याचं काम बघतात.
- वकिलाची गरज नाही. साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो.
- प्राधिकरण महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये देण्याचा आदेश देऊ शकतं.
- अपत्य नसेल, तर ज्याला संपत्ती वारशाने मिळणार आहे अशा नातेवाइकाकडेही मागणी करता येते.
- ‘सांभाळ करीन’ या अटीवर जमीन किंवा घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यामुळे बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहून घेणं महत्त्वाचं.
- ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सल्ला आणि मदतीसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे.

हा कायदा उपयोगी आहे, पण मुलाकडे पैसे आहेत आणि तो देत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात अनेकदा मुलाकडेच काही नसतं. संपत्तीच्या अटीचाही तिथे मर्यादितच उपयोग आहे. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जिथे प्रश्न नियतीचा नसून ऐपतीचा आहे, तिथे प्रांतांच्या आदेशाने पोट भरत नाही.

मग उपाय काय?

इतर ठिकाणी काय केलं गेलं ते बघता येईल. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा सुरू केला. त्यात घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी रोख भत्त्याची सोय आहे. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, त्यात ४० वर्षांवरचे सगळे हप्ता भरतात.

पण हे श्रीमंत देश झाले. आपल्या जवळचं उदाहरण केरळचं आहे. तिथे ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला महिना ६०० रुपये ठरवून दिले आहेत. रक्कम लहान आहे, ती वेळेवर न मिळण्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. तरीही त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे: पैसे आजारी माणसाच्या नव्हे, तर सांभाळणाऱ्याच्या नावावर दिले जातात. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक आणि दिलासा देणाऱ्या उपचारांचं धोरणही आणलं. त्यातून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने नर्स घरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांना तपासू लागल्या.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात याच धर्तीवर काही गोष्टी शक्य आहेत. स्थलांतराच्या सहा महिन्यांत मागे राहिलेल्या वृद्धांची ग्रामपंचायतीत यादी ठेवता येईल. आशा कार्यकर्तीच्या भेटींमध्ये त्यांची तपासणी आणि औषधं जोडता येतील, आणि त्यासाठी तिला वेगळा मोबदला देता येईल. हयातीच्या दाखल्यासाठी वृद्धांना तहसीलपर्यंत बोलावण्यापेक्षा आठवडे बाजाराच्या दिवशी शिबिर भरवता येईल. यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

आणि घरातल्या घरात करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. आई-वडिलांची महिन्या-महिन्याची पाळी भावाभावांत लावली जाते, पण प्रत्यक्ष काम दोन्हीकडे जावांवरच येतं. वाटणी करताना दवाखान्यात कोण नेणार, रात्री कोण उठणार, औषधाचे पैसे कोण देणार आणि सांभाळणारीला आठवड्यातून एक दिवस मोकळा कोण देणार, हे चार प्रश्न आधी विचारले, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

म्हातारी माणसं घरातच, आपल्या माणसांत राहावीत, असं बहुतेकांना वाटतं. ती राहायची असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या दिवसालाही काही किंमत आहे, हे घराने आणि सरकारने आधी मान्य करावं लागेल.